राजदूतांचा खेद

"पण मी खेद व्यक्त केला होता ना, बाबा! मग भाऊ दार का उघडत नाही?"

विचारणारे होते यशवंतराव टिपणीस. आयुष्यभर देशाचे राजदूत म्हणून परदेशांत राहिलेले, आता निवृत्त होऊन गावी परतलेले. समोरासमोर ठाकलेल्या फौजा त्यांनी गोड बोलून माघारी पाठवल्या होत्या. सख्खा धाकटा भाऊ मात्र कडी काढायला तयार नव्हता.

ऐकणारे होते गावाबाहेरच्या तकियातले, म्हणजे फकिरांच्या मठीतले, लतीफबाबा. फकीर असूनही देहाने चांगले भरभक्कम, आणि बोलायला तेवढेच कंजूष.

"झालं काय होतं?"

"आई गेली. त्याआधी भावाने कळवलं होतं, ती तुझी वाट बघते आहे, ये. पण नेमका मंत्र्यांचा दौरा होता. मेजवानीत कुणाशेजारी कुणाला बसवायचं, हा मोठाच पेच..."

"मग?"

"शोकसंदेश पाठवला. दूतावासातर्फे."



"आता भावाची माफी मागितलीस?"

"खेद व्यक्त केला. 'उद्भवलेल्या परिस्थितीबद्दल तीव्र खेद', असं दाराबाहेरून स्पष्ट सांगितलं. 'तीव्र' आम्ही सहजासहजी वापरत नाही, बाबा."

"आणि माफी?"

टिपणीस समजुतीने हसले. राजदूत मंडळी अडाण्याला काही समजावताना हसतात तसं.

"माफी मागितली की चूक कबूल केल्यासारखं होतं. खेदाचं तसं नाही."

"असं..."

बाबा उठले. दोन पावलं पुढे आले आणि टिपणीसांच्या उजव्या पायावर उभे राहिले. नेमके अंगठ्यावर. सरकारी मेजवान्या खाऊन खाऊन जडलेल्या वाताने तो अंगठा कायमचा सुजलेला होता.

"आई गं!... बाबा, पाय!"

"झाल्या प्रकाराबद्दल या तकियाला तीव्र खेद आहे," बाबा म्हणाले. जागचे मात्र हलले नाहीत.

"अहो, पाय काढा!"

"परिस्थितीवर आमचं बारीक लक्ष आहे."

बाबा रोज सकाळी रेडिओवर बातम्या ऐकतात, हे टिपणीसांना कुठून ठाऊक असणार!

"जीव जातोय माझा!"

"दोन्ही बाजूंनी संयम बाळगावा."

"तो खेद घाला चुलीत!" राजदूत किंचाळले. उभ्या नोकरीत त्यांचा आवाज एवढा कधी चढला नव्हता. "आधी पाय काढा!"

बाबांनी पाय काढला. खाली बसून टिपणीसांचा अंगठा हातात घेतला.

"चुकलो, बेटा. फार दुखलं का रे?"

टिपणीसांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. अंगठ्याची कळ ओसरली तरी ते थांबेना. शोकसंदेशात त्यांनी 'मातोश्री' असं लिहिलं होतं. तोंडातून आज 'आई गं' निघालं होतं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

"चुकलो म्हटलं, की उघडेल तो दार?"

बाबांनी अंगठा हळूच खाली ठेवला.

टिपणीस लंगडत उंबऱ्याबाहेर गेले. तिथे त्यांचे जाड तळाचे विलायती बूट काढून ठेवलेले होते. ते पायात घालायला ते वाकले.

बाबा त्या बुटांकडे बघत होते.

"तुझ्या अंगठ्यावरचा माझा पाय तर अनवाणी होता, बेटा."