केसाचाही फरक नाही

“फरक किती?” अप्पा लोणारींनी विचारलं.

“शून्य,” वैजनाथ म्हणाला.

अप्पांनी या दवाखान्यात चाळीस वर्षं एक्स-रे काढले. निवृत्त झाले तरी रोज सकाळी येऊन बसत. वैजनाथ त्यांच्याच हाताखाली शिकला. पुढं पुण्याला जाऊन कॉम्प्युटरचं काम शिकून आला.

पडद्यावर सुलोचना कासार यांच्या डोक्याची दोन चित्रं होती. एक सहा महिन्यांपूर्वीचं, सोलापूरच्या सीटी स्कॅनचं. दुसरं आजचं, इथल्या एमआरआयचं. मेंदूत गाठ होती. वाढली असेल तर ऑपरेशन, नसेल तर घरी. डॉक्टर वैजनाथच्या उत्तरासाठी थांबले होते.

सुलोचनाबाई दारात उभ्या होत्या.

“मग बाराची एसटी धरू का?”

“धरा, मावशी. कागद तयार आहे.”

“थांबा,” अप्पा म्हणाले. ते वैजनाथकडं वळले. “यंत्रं दोन. डोकंही एकदा सरळ, एकदा कललेलं. तरी जुळलं?”

“केसाचाही फरक नाही. तुमच्यासारखं काचेवर फिल्म ठेवून कवटीच्या तीन खुणा धरत बसलो असतो, तर संध्याकाळ झाली असती.”

“झाली असती... कसं जुळवलंस?”

“प्रोग्रॅम जुळवतो. सरकवतो, फिरवतो. तरी कुठं कमी पडलं तर ताणतो. जास्त झालं तर दाबतो.”

“गाठीलाही?”

“सगळ्यालाच.”



अप्पांनी उजवा पंजा पुढं केला. “हात लाव. बोटाला बोट जुळव.”

वैजनाथ हसला. त्यानं तळव्याला तळवा लावला. अप्पांच्या एका बोटाचं वरचं पेर नव्हतं. जुन्या यंत्राच्या दारात सापडून गेलेलं. वैजनाथनं आपलं ते बोट तेवढंच दुमडलं.

“जुळलं?”

“जुळलं.”

“मग माझं पेर कुठं गेलं?”

वैजनाथचं हसू गेलं. त्यानं दुमडलेलं बोट सरळ केलं. ते अप्पांच्या थोट्या बोटाच्या वर पेरभर उरलं.

तो पडद्याकडं वळला. ताणणं बंद केलं, दाबणं बंद केलं. नुसतं सरकवलं, फिरवलं. कवटीच्या हाडावर हाड बसवलं. गाठीला धक्का लावला नाही.

आजची गाठ जुन्या गाठीच्या बाहेर आली होती. चारी बाजूंनी, ज्वारीच्या दाण्याएवढी.

वैजनाथनं तयार कागद फाडला.

“मावशी, एसटी राहू द्या. डॉक्टरांना भेटायचंय.”

“वाढली म्हणा की.”

“वाढलीय. पण वेळेत कळलं.”

“मग लेकाला फोन करते. दोन लुगडी घेऊन ये म्हणते.” बाई बाकावर जाऊन बसल्या.



“अप्पा, आता ही दोन चित्रं जुळत नाहीत.”

“आता खरी जुळली,” अप्पा म्हणाले.