भुशाच्या पोत्यांवरचा शिक्का

फार पूर्वी डोंगरापलीकडच्या एका राज्यात एक तपासनीस होता. तिजोरीत काय आलं, कोठारांत काय गेलं, ते पाहून खरं-खोटं सांगायचं, हे त्याचं काम. राजानंच त्याला भर दरबारात नेमलं होतं. "आमचीही भीड धरू नका," असं सगळ्यांदेखत बजावलं होतं.

तपासनीस कामाला वाघ. एका पाटलाची मापातली लबाडी त्यानं पकडली, राजानं शेला दिला. एका किल्लेदाराची चोरी उघडी पाडली, राजानं पालखी दिली.

एका उन्हाळ्यात तो दुष्काळासाठी राखलेली सात कोठारं पाहायला गेला. रयतेनं दर सुगीला आपल्या राशीतून जोंधळा घालून ती भरली होती. तपासनीसानं पोती फोडून पाहिली. वरच्या थरात जोंधळा, खाली सगळा भुसा! त्यानं कोठीवाल्याला समोर बोलावलं.

"कुणी केलं हे?"

कोठीवाला खाली मान घालून म्हणाला, "राजेसाहेबांच्या मेहुण्यांनी. गाड्या भरभरून त्यांच्या गढीवर गेल्या."

तपासनीस तडक राजाकडे गेला. राजाला नवल वाटलं नाही. राग तर नाहीच.

"राणीसाहेबांचा एकुलता एक भाऊ आहे तो," राजा म्हणाला. "आणि दुष्काळ काय रोज पडतो? कोठारं भरलेली आहेत असं लिहा, शिक्का मारा. दसऱ्याला तुम्हाला दिवाण करतो."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर दुसरा तपासनीस लिहील."

घरी जाताना तपासनीसानं मनाची समजूत घातली. कुणीतरी लिहिणारच, मग आपलंच नुकसान कशाला? दुसऱ्या दिवशी त्यानं शिक्का मारला. दसऱ्याला दिवाण झाला.

पुढच्या वर्षी पाऊस फिरकलाच नाही. लोक टोपल्या घेऊन कोठारांवर आले. पोती फोडली, तर भुसा उडाला. महिन्याभरात घराघरांतून माणसं मरू लागली. राजा सज्जात येऊन म्हणाला, "आम्हाला काय ठाऊक? शिक्का दिवाणांचा आहे!"

लोक दिवाणाच्या दारात जमले. पुढे एक म्हातारी होती.

"खरं सांगा, तुम्हाला दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं."

"मग?"

दिवाण दार लोटून घेऊ लागला.

"मेहुणा चोरच होता, त्यानं चोरी केली," म्हातारी कडाडली. "पण तुला आम्ही आमचे डोळे म्हणून पोसलं होतं रे!"

दिवाणानं डोक्यावरची पगडी उतरवली. चावडीवर जाऊन त्यानं सगळं सांगितलं. भुसा, गाड्या, राजाचे शब्द, स्वतःचा लोभसुद्धा. लोक खवळून गढीवर चालून गेले. तिथं जोंधळ्यानं भरलेली पेवं सापडली. राजा आणि मेहुणा राज्य सोडून पळाले.

माणशी एक पायली जोंधळा वाटायचं ठरलं. तपासनीस स्वतः मापायला बसला. म्हातारीची पाळी आली.

"घरात माणसं किती, आजी?"

"गेल्या वर्षी तीन होतो. दोन नातवंडं होती मला. आता एकच पायली घाल."

त्याचा मापाचा हात तसाच थांबला. म्हातारीनं आपली पायली स्वतःच भरून घेतली आणि ती चालू लागली.

तात्पर्य एवढंच: राखणदारानं वेळेवर न सांगितलेलं खरं, मेलेल्याच्या पोटात घास घालू शकत नाही.