दहा हजार सातचं वऱ्हाड

फार पूर्वी आकड्यांच्या गावात एक रीत होती. नवऱ्यामुलाने वऱ्हाडात स्वतःला पूर्ण भागणारे आकडेच आणायचे. साठरावांचा जावई होता दहा हजार सात. एवढा मोठा जावई म्हणून त्यांनी ढीगभर जेवण रांधलं. जावई आला तो फक्त 'एक'ला सोबत घेऊन.

"बाकीचे कुठायत?"

"मला दुसरं कुणी भागतच नाही, मामा."

"आता गावात शोभा होणार! निदान तुम्ही तरी लाडू खा."

लाडू खाऊन जावई एकाने वाढला, दहा हजार आठ झाला आणि दारात बावीस नातेवाईक हजर! साठराव खुलले. "आणखी एक घ्या, जावईबापू!"

दुसऱ्या लाडवाने जावई दहा हजार नऊ झाला. त्यालाही कुणी भागेना, त्यामुळे भरली पंगत गायब.

"तिसरा खाल्ला तर तीस येतील," जावई म्हणाला.

"थांबा," साठराव बाह्या सरसावून म्हणाले, "आधी उष्टी पानं उचलतो."