नळीचा आगाऊपणा

ट्रकचे भाग आपसात बोलत आणि ड्रायव्हर मात्र फक्त इंजिनाचंच ऐकत, त्या काळची ही गोष्ट. कांदा भरून नाशिकहून निघालेला एक ट्रक काश्मीरच्या घाटात पोहोचला. संध्याकाळी बर्फ पडू लागला, म्हणून ड्रायव्हर सखाहरीने गाडी ढाब्यापाशी लावली.

रेडिएटरची नवी रबरी नळी म्हणाली, "इंजिनआजोबा, आपल्यात साधं पाणी आहे. ते गोठलं की फुगेल आणि तुम्हाला तडा जाईल. आत्ताच काढून टाकायला सांगा ना!"

"याच पाण्यावर मी कसारा घाट चढलो, तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस," इंजिन गुरगुरलं.

"कसाऱ्याला बर्फ पडत नाही, आजोबा!"

"मोठ्यांशी असं बोलतात?" हॉर्न आणि बॅटरी एकदम ओरडले.

शेवटी नळीने स्वतःच पकड ढिली केली आणि पाणी गळू लागलं. इंजिनाने लगेच खडखडून तक्रार केली. सखाहरीने पाना आणून नळी घट्ट आवळली आणि पाणी पुन्हा काठोकाठ भरलं.

सकाळी इंजिनाला उभा तडा गेला होता.

"फार अनुभवी होते हो," बॅटरी हळहळली.

"त्या नळीनेच पाणी अडवून ठेवलं," हॉर्न म्हणाला.