भिंतीला पाठ लावायची गल्ली

दोष ओर्सातचा. साल्व्हेरा शहरात हे कुणी लपवत नाही. समुद्रकाठच्या या जुन्या शहरात बंदरापासून वरच्या चौकापर्यंत पायऱ्यांची एक गल्ली चढते. इतकी अरुंद, की समोरून कुणी आलं तर एकाला भिंतीला पाठ लावावीच लागते. पायी शहर बघायला आलेल्या पाहुण्यांना वाटाडी यान्या इथे थांबवते. परवा पुण्याचे सबनीसकाका पायरीवर मधोमध ठाण मांडून उभे होते. समोर पावांचं ताट डोक्यावर घेतलेली एक मुलगी.

"काका, भिंतीला पाठ लावा."

"मी? ती लहान आहे की! आमच्यात लहानांनी सरायचं असतं."

"आमच्यातही तसंच होतं," यान्या म्हणाली. "म्हणून तर माणसं मेली."

ओर्सात हा म्हणे जुन्या काळातला नगरसभेचा प्रमुख. वय, पांढरी दाढी आणि हातातली काठी, एवढ्या भांडवलावर त्याचा मान. तेव्हा रिवाज असा, की वडील माणूस समोर आला की धाकट्याने थेट गल्लीच्या तोंडापर्यंत मागे फिरायचं. नुसतं भिंतीला चिकटून उभं राहणं हासुद्धा उर्मटपणा.

एका दुपारी बंदरावरच्या डांबराच्या कोठाराला आग लागली. खालची माणसं जीव मुठीत धरून गल्लीने वर धावली. नेमका तेव्हाच ओर्सात सभेतल्या म्हाताऱ्यांची रांग घेऊन खाली उतरत होता. धावणाऱ्यांत सगळ्यांत पुढे त्याची मुलगी देशा होती.

"बाबा, मागे वळा! खाली आग आहे!"

ओर्सातला धूर दिसला होता, असं सांगतात. पण पाठीमागचे म्हातारेही त्याला जाणवत होते. पोरीसाठी आपण पाऊल मागे घेतलं तर उद्या हे काय बोलतील, हे त्याच्या मनात आधी आलं. त्याने काठी आडवी धरली.

"बाप घरात. इथे नाही. आधी आम्ही उतरणार."

देशाने वाद घातला नाही. त्यानेच तिला तसं वाढवलं होतं. ती वळली आणि मागच्यांना म्हणाली, "मागे फिरा." सगळे पुन्हा खाली उतरू लागले. खाली गल्लीच्या तोंडाशी आग पोचली होती. धग लागली तसे म्हातारे भराभर वर पळाले. तेव्हा मान कुणाला आठवला नाही, ओर्सातलाही नाही. गल्लीत धूर कोंडला. खालचं कुणी वर आलं नाही.

आग विझल्यावर ओर्सातने काठी समुद्रात फेकली आणि भर सभेत शपथ घेतली, की यापुढे या गल्लीत तरुण माणूस दिसला की भिंतीला पाठ मी लावणार. म्हातारे खवळले. "पोरं डोक्यावर बसतील!"

"बसू देत. जिवंत असतील तर बसतील."

मरेपर्यंत तो तसा उभा राहत असे. बाकीचे हळूहळू वळणावर आले, काही लाजेने, बरेचसे बायकांच्या टोमण्यांनी.

आजही या गल्लीत पिकलेलं माणूस बाजूला होतं आणि तरुण माणूस पुढे जातं. आभार मानायचे नाहीत, हाही रिवाजच. पाठी घासून घासून भिंतीचा दगड खांद्याच्या उंचीला गुळगुळीत झाला आहे. सबनीसकाकाही शेवटी सरले, कुरकुरत.

ओर्सातला दुसरं मूल नव्हतं.