हलका झालेला कर्नल

फार फार वर्षांपूर्वी एका छोट्या संगणकात कर्नल नावाचा कारभारी होता. आवाज, छपाई, कॅमेरा अशा सगळ्या मदतनिसांना तो पाठीवर वाहायचा. एकदा त्याने जवळजवळ सगळ्यांना डिस्कच्या कोठारात धाडलं. लागेल त्याला हाक मारायची. हलका होऊन तो गिरक्या घेऊ लागला.

"काकू, तुम्हीही उतरा," तो पाठीवर उरलेल्या शेवटच्या मदतनीस, डिस्ककाकूंना म्हणाला.

"अरे, कोठाराचं दार मीच उघडते ना?"

"मग आत बसून उघडा."

सकाळी मालकाने संगणक सुरू केला. आज चालला नाही तर तो भंगारात जाणार होता. कर्नलने हाका मारल्या, पण दार बंद आणि आत सगळे गाढ झोपलेले. त्याला रडू कोसळलं.

काकू आत गेल्याच नव्हत्या. उंबऱ्यावर बसून हसत होत्या. "घे पाठीवर."

त्यांना घेऊन तो असा उधळला की काकू ओरडल्या, "हळू रे मेल्या, आधी दार तर उघडू दे."