गेनबाचं पुढारीपण

एका गावात एक भोळा ढोलवाला होता. त्याचं नाव गेनबा. मामाच्या बँडपथकात तो मोठा ढोल वाजवायचा, आणि वाजवायचा मात्र झकास. बाकी अकलेचं म्हणाल, तर त्याला कुणी "जरा दाराकडे बघ" म्हणून सांगून गेलं की तो दाराकडे बघत बसायचा. चोर खिडकीतून येऊन गेला तरी मान हलायची नाही.

रावजीमामाला एकुलती एक मुलगी, शेवंता. गेनबाचा तिच्यावर फार जीव. ती समोरून गेली की ढोलाचा ताल चुकायचा आणि ताशेवाला शिव्या घालायचा. दोघांचं लग्न लहानपणीच ठरलेलं. पण ट्रम्पेट वाजवत पथक चालवणाऱ्या मामाचे पुढचे दात पडले, आणि दात नसले की ट्रम्पेटमधून नुसता वारा निघतो. मामा म्हणाला, "गेन्या, आता पथक तू चालव. ह्या हंगामात माणसं नीट सांभाळलीस तर शेवंता तुझी. न्हाईतर पथक बी न्हाई अन् पोरगी बी न्हाई."

पुढारीपण कुठे मिळतं, म्हणून गेनबा गावभर विचारत फिरला. कुणीतरी वाचनालयाकडे बोट दाखवलं.

तिथे विसूअण्णा ग्रंथपाल होते. त्यांच्या हाताखाली आयुष्यभर एक मांजर होतं, आणि तेही त्यांचं ऐकायचं नाही. पण पुढारीपणावरची पुस्तकं त्यांच्याकडे कपाटभर होती. तालुक्याच्या एका पुढाऱ्याने भेट दिलेली, कोरी करकरीत. देणाऱ्यानेही ती उघडली नव्हती. गेनबा अक्षराला अक्षर लावून वाचणारा, त्यामुळे पहिल्या पानापुढे जायचा नाही. तरी त्याचं काही नुकसान झालं नाही. असल्या पुस्तकात एकच वाक्य असतं, बाकीची पानं त्याची वरात.

पहिल्या पुस्तकात होतं, पुढारी पुढे चालतो, मागे वळून बघत नाही.

लग्न आलं. नवरदेवाला मारुतीच्या देवळातून मांडवापर्यंत वाजत न्यायचं होतं. गेनबा पुढे निघाला. वाटेत नवरदेवाच्या घोड्याला कडब्याची गंजी दिसली आणि तो जागीच थांबला. वऱ्हाडही थांबलं. गेनबाने मागे बघितलं नाही. तो मांडवाच्या एका बाजूने आत गेला, दुसऱ्या बाजूने बाहेर पडला आणि थेट पुढच्या गावात पोचला. तिथेही एक लग्न होतं. त्यांनी पथकाला जेवू घातलं. इकडचा नवरदेव मात्र मयताला आल्यासारखा मुकाट्याने मांडवात शिरला.

विसूअण्णा म्हणाले, अरे, माणसांना विचारायला नको? आणि दुसरं पुस्तक दिलं. त्यात होतं, पुढारी सगळ्यांचं मत घेतो, मगच पाऊल उचलतो.

दुसरं लग्न आलं. मंगलाष्टकं संपली. भटजी ओरडले, "वाजवा रे वाजवा!"

गेनबाने हात वर करून पथकाला थांबवलं आणि वरबापाला विचारलं, "वाजवायचं का?" मग वधूच्या आईला विचारलं. आचाऱ्याला विचारलं. नवरा-नवरी हार उचलून उभी, त्यांचे हात भरून आले. शेवटी एक काका कोपऱ्यात रुसून बसले होते, त्यांना विचारलं. त्यांना सकाळपासून कुणी विचारलंच नव्हतं. ते म्हणाले, आधी माझ्या मानाच्या फेट्याचं बोला. मग जे भांडण पेटलं ते दिवेलागणीपर्यंत चाललं.

शेवंता भडकली. "गेनू, ती पुस्तकं ठेव खाली अन् ढोल वाजव. तेवढं तुला येतंय." एवढं शहाणपणाचं वाक्य कुठल्याच पुस्तकात नव्हतं, म्हणून गेनबाने ते ऐकलं नाही.

विसूअण्णांनी तिसरं पुस्तक दिलं. खरा पुढारी स्वतः काम करत नाही. कामाला लायक माणूस हेरतो, काम त्याच्या हाती सोपवतो आणि बाजूला उभा राहून टाळ्या वाजवतो.

पुढच्या लग्नात गेनबाने पुढारीपणाची काठी सहादूच्या हातात दिली. हा सहादू क्लॅरिनेट वाजवायचा. पोरगा नात्यातलाच, शांत, वेळेवर येणारा. वरात वेळेत निघाली, वेळेत पोचली. गेनबा कडेला उभा राहून टाळ्या वाजवत होता. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगं सुधारलं, म्हणाला, आणि त्याने मुहूर्त काढला.

लग्नाच्या दिवशी गेनबा बाशिंग बांधून उभा राहिला. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला. समोर हार घेऊन शेवंता. इतकी देखणी दिसत होती की गेनबा हार घालायचंच विसरला. हिला जन्मभर सुखात ठेवायचं, केवढं मोठं काम हे. आपल्या हातून बिघडलं तर?

त्याने लायक माणूस हेरायला सुरुवात केली. फार शोधावं लागलं नाही. त्याने सहादूला हाक मारली, आपलं बाशिंग सोडून त्याच्या कपाळाला बांधलं आणि हार त्याच्या हातात दिला.

शेवंताने एकदा गेनबाकडे बघितलं.

"गेनू, नक्की का?"

"पुस्तकात हाय," गेनबा म्हणाला.

शेवंताने एक सुस्कारा सोडला आणि पटकन सहादूच्या गळ्यात हार घातला. भटजींच्या तोंडून सवयीने निघालं, "वाजवा रे वाजवा!" पथक वाजू लागलं. स्वतःची जागा आपखुशीने सोडणारा पुढारी गाव पहिल्यांदाच बघत होतं. त्यामुळे म्हाताऱ्यांनी अक्षता टाकल्या त्या निम्म्या गेनबाच्याच डोक्यावर.

मामा दात नसलेलं तोंड वासून धावत आला. "गाढवा, पोरगी गेली की रं! आता तुझ्या वाट्याला काय ऱ्हायलं?"

गेनबाने बाहीने डोळे पुसले.

"मामा, मधे येऊ नका," तो म्हणाला, "टाळ्या चुकत्यात."